इंजिनियरांचा पाळणा

आपल्या हातून चूक होऊ शकते, ही शक्यता अण्णांनी कधी तपासूनच पाहिली नाही. कचेरीतून हेडक्लार्क म्हणून पेन्शन घेतल्यावर त्यांनी पायाने फिरवायचा जुना लेथ आणून ओटीवर बसवला आणि हौस म्हणून लाकूड कातायला सुरुवात केली. सोलापुरातली आमची गल्ली त्यांना चेष्टेने इंजिनियर म्हणू लागली. त्यांनी ते खरे मानले.

त्यांच्या लाटण्याने पोळी एका बाजूला कागद आणि दुसऱ्या बाजूला भाकरी होई. मग चौकशी बसे. आरोपी ठरलेले असत: लाकूड, लेथचा पट्टा आणि काकूंचे ओटी झाडणे.

"तू केरसुणी फिरवलीस की लेथ हलतो," ते गंभीरपणे बायकोला सांगत.

"मग उद्यापासून केरातच बसून काता," काकू म्हणत.

पटाशीला ते धार लावत नसत. "धार लावली की पोलाद झिजतं," हे त्यांचे शास्त्र. बोथट पटाशीने वाळके लाकूड उचकटे. त्यावर त्यांनी तोड काढली: नुकतेच तोडलेले ओले लाकूड कातायचे. ते लोण्यासारखे निघाले. शेजारचा विणकर म्हणाला, "अण्णा, वाळल्यावर आखडंल की ते."

"तू आपला माग सांभाळ."

मुलगी कमळ करमाळ्याहून पहिल्या बाळंतपणाला आली, तेव्हा अण्णांनी ओल्या कडुलिंबाचा पाळणा केला. चैत्राच्या उन्हात दांड्या आखडल्या आणि भोकांत खुळखुळू लागल्या. अण्णांनी फटींत लाख भरून वर तांबडा रंग दिला. काकूंनी एक दांडी हलवून पाहिली.

"यात कमळीचं लेकरू घालायचं?"

"तुला त्यातलं काय कळतं?"

बारशाला बाळाआधी वरवंटा पाळण्यात घालतात. एरवी बायका तो हातात धरूनच अलगद टेकवतात. काकूंनी त्याला कुंची घातली, पाळण्यात ठेवला, हात काढून घेतला आणि जोरात झोका दिला. दांडी निसटली. वरवंटा खाली आदळला आणि फरशी तडकली. बायकांचे गाणे थांबले. कमळने बाळाला छातीशी घट्ट धरले.

अण्णांनी वाकून तुटलेला पाळणा न्याहाळला. "वरवंटा फार जड होता," ते म्हणाले.

"बाळ काय तेवढंच राहणार होतं?" असे म्हणून काकू झोळीसाठी लुगडे आणायला आत गेल्या.

दुसऱ्या खेपेला कमळ माहेरी आली नाही. काकूच करमाळ्याला गेल्या. बारशासाठी अण्णा तिथे पोचले, तेव्हा तान्हे झोळीत झोपले होते. झोळीची गाठ नीट बसली आहे का, हे पाहायला ते उठले. कमळ लगेच मधे येऊन उभी राहिली.

"बसा अण्णा, चहा घ्या."

पण ती झोळीजवळून हलली नाही. चहा काकूंनी आणला.