उजव्या पंखाची पिसं

ऑर्विन माझा शेजारी, आणि विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गावातला सगळ्यात अळणी माणूस. विनोद सांगायला घेतला, की अर्ध्यावर शेवटच विसरायचा. तरी हरणं मात्र त्यालाच मिळायची.

आम्ही दोघं धनुष्यबाणानं शिकार करतो. बाणाच्या शेपटाला टर्कीची तीन पिसं लावतो. तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची लागतात, म्हणून टर्की पाळणारी आर्डिस मला डाव्या पंखाची पिसं द्यायची, त्याला उजव्याची. बावीस वर्षं.

यंदा पावसात त्याची पिसं भिजून चपटी झाली, नेम चुकला, आणि हा पठ्ठ्या सरळ प्लास्टिकची पाती चिकटवून मोकळा झाला. त्यांना ना पाण्याची भीती, ना डावं-उजवं. मी त्याला "खेळण्यातला शिकारी" म्हणून घेतलं आणि खुशीत आर्डिसकडे गेलो.

"आता उजवीही मलाच दे."

तिनं खण उघडला. आत पिसं धुऊन, वाळवून, लांबीप्रमाणे लावून निळ्या रिबिनीनं बांधलेली होती.

"ही ऑर्विनची."

"अगं बाई, त्याला नकोत आता! प्लास्टिक लावतोय तो."

"ठाऊक आहे मला. असू देत." तिनं खण लावून घेतला. "तुझी नेहमीच्या जागी आहेत बघ."

म्हणजे खुराड्यामागे, खाद्याच्या पोत्यात, शिटांसकट. बावीस वर्षं मी समजत होतो, सगळ्यांना तशीच मिळतात.