सात सह्यांची संस्था

११ जून २०२४, एक हजार सहाशे पन्नास रुपये. मुद्रांक, नोटरी आणि टायपिंग मिळून दामोदर खांबेट्यांनी हा खर्च तिसऱ्यांदा केला, आणि नोंदणी कार्यालयातून संस्थेची फाइल तिसऱ्यांदा परत आली.

चंडीगडच्या सेक्टर १७ मधल्या बँकेत चौतीस वर्षं दुसऱ्यांचे कागद तपासलेल्या माणसाचा स्वतःचा कागद पास होईना. डोकं फिरायला एवढं पुरेसं होतं.

चंडीगडच्या कडेला, टेकडीच्या पायथ्याशी खुड्डा थान नावाचं गाव आहे. गावाबाहेर अकरा उभ्या शिळांचं रिंगण आणि मधल्या शिळेला शेंदूर. माणसाला लोखंड ठाऊक होण्याआधीचं हे देवस्थान असावं, असं एका प्राध्यापकांनी दामोदररावांना सांगितलं होतं. गावच्या मंदिर कमिटीला मात्र नवरात्राच्या आत शिळा उपटून तिथे संगमरवरी फरशी घालायची होती.

कमिटीचा प्रधान रघुवीर सडेतोड माणूस. तो म्हणाला होता, "बाऊजी, हर इतवार कोई गाड़ी लेकर आता है, फोटो खींचकर चला जाता है. रजिस्टर्ड संस्था का कागज लाओ, फरशी रोक देंगे."

नोंदणीला सात सभासद लागतात. दामोदररावांनी मराठी मंडळातून सहा जमवले. चौघी लष्करी अधिकाऱ्यांच्या बायका, दोघे सेवानिवृत्तीनंतर इथेच राहू म्हणणारे. पहिल्या वेळी दोघींच्या आधारवर साताऱ्याचा पत्ता निघाला. दुसऱ्या वेळी सचिव ईश्वरीताईंच्या नवऱ्याची जोरहाटला बदली झाली. तिसऱ्या वेळी उरलेल्या तिघींपैकी दोघींचं सामान ट्रकवर चढलं, आणि राहू म्हणणाऱ्यांपैकी एकाने नाशकात फ्लॅट घेतला. "साहब, इसमें चंडीगढ़ का है कौन?" कारकुनाने सौम्यपणे विचारलं. त्याचं चुकत नव्हतं, म्हणून तर दामोदरराव जास्त चिडले.

घरी येऊन त्यांनी फाइल टेबलावर आपटली.

"अहो, हजारो वर्षांचं जपायला निघालात," सुमित्राबाई भेंडी चिरता चिरता म्हणाल्या, "आणि माणसं घेतलीत दर तीन वर्षांनी गाशा गुंडाळणारी!"

"मग कोण घेऊ? शिळांना सह्या करायला सांगू?"

"शिळांना रोज पाणी घालणारे आहेत ना? ते कुठे चाललेत?"

दामोदरराव दोन दिवस बायकोशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी खुड्डा थानला गेले.

तुम्हीच सभासद व्हा म्हटल्यावर रघुवीर हसत सुटला. "हमारी ही शिकायत हमसे करवाओगे?" पण कागद करायला बसला. बसला तो चार रविवार. संस्थेसाठी दामोदररावांनी ठरवलेलं 'शिवालिक प्रागैतिहासिक देवस्थान संवर्धन न्यास' हे नाव कुणालाच उच्चारता येईना, म्हणून ते 'थान माता सोसायटी' झालं. अध्यक्ष रघुवीर. दामोदरराव खजिनदार, आणि तेही "बाऊजी को हिसाब आता है" म्हणून. शेंदूर लावणं बंद करा, ही त्यांची सूचना पाणी घालणाऱ्या बिमलादेवींनी एका वाक्यात निकालात काढली: "तुम्हारी मूंछ का रंग मैंने बंद करवाया?"

सगळे सात पत्ते चंडीगडचे. कागद सप्टेंबरच्या अखेरीस हातात पडला. नवरात्राला चार दिवस उरले होते आणि संगमरवर येऊन पडला होता. रघुवीरने शब्द पाळला. फरशी रिंगणाबाहेर, चपला काढायच्या जागी घातली. एकही शिळा हलली नाही. रिंगणाला निळ्या रंगाची लोखंडी जाळी मात्र लागली, खजिनदाराला न विचारता. दामोदररावांनी पहिल्याच सभेत लेखी हरकत नोंदवली. तिच्यावर अध्यक्षांनी हसत सही केली.

नाव बदलल्यामुळे संस्थेचा रबरी शिक्का दोनदा करावा लागला. सेक्टर २२ मधल्या शिक्केवाल्याचे एकशे ऐंशी रुपये अजून द्यायचे आहेत.