दुप्पट वेगाने ऐकलेलं पुस्तक

मंडळी, माझ्याकडे न ऐकलेली सदतीस ऑडिओबुक्स साचली आहेत. सबस्क्रिप्शन संपत आलंय, म्हणून आजपासून मी ती दुप्पट वेगाने ऐकून हातावेगळी करायला घेतली.

आज सकाळी चांदा गावात, आमच्या घरमालकीण काकूंच्या ओट्यावर बसून मी त्यांना पावटा सोलायला मदत करत होते. शेजारी फोनवर एक बाई दुप्पट वेगाने पुस्तक वाचत होती.

काकूंनी मधेच विचारलं, "कोन वारलं गं हिचं?"

"नवरा."

"मग यवढ्या घाईनं का सांगतीया? दमानं बोलू दे की तिला."

मी वेग नेहमीचा केला. वाचणारी बाई प्रत्येक वाक्यानंतर थांबत होती. इतका वेळ मला ते थांबणं ऐकूच आलं नव्हतं.

आणि एकदम आठवलं. गेल्या वर्षी काकूंचे यजमान गेले, तेव्हा मी फाटकापाशी स्कूटर चालू ठेवूनच "फार वाईट झालं हो" म्हणाले होते आणि ऑफिसला पळाले होते.

फोन बंद केला. "काकू, त्या दिवशी नेमकं काय झालं होतं?" आज पहिल्यांदा विचारलं. पावटा सोलून संपला, तरी काकू बोलतच होत्या.

पुस्तकं सदतीसच्या सदतीस तशीच आहेत. तुमच्याकडून कुणाचं ऐकायचं राहिलंय?