पहिले खाई देखा

शिंदखेड्याजवळच्या त्या गावात अक्कांच्या ओट्यावर पाय ठेवला, की नमस्काराआधी हातावर भाजलेल्या बिबड्याचा तुकडा पडायचा. ज्वारीचा हा पापड त्यांच्यासारखा कुणाला जमायचा नाही. "पहिले खाई देखा, मंग बोला." एकदा निवडणुकीचा उमेदवार आला. तुकड्यामागून तुकडा खात बसला आणि भाषण राहूनच गेलं. गाव अजून अक्कांचे उपकार मानतं.

मी तेव्हा गावोगावच्या बायकांना धंदा शिकवत हिंडायचो. स्वतः जन्मात काडेपेटीही विकली नव्हती, पण शिकवायला कोण अडवतं? "अक्का, फुकट चव देणं बंद करा," मी सांगायचो. "पाकीटच बोललं पाहिजे."

"कागद बोलस का, भाऊ?" म्हणत त्या मलाच दुसरा तुकडा द्यायच्या.

तरी धुळ्याच्या एका दुकानदाराला मी गळ घातली. शंभर पाकिटं वेळेवर आणि एकसारखी मिळाली, तर दर महिन्याला घेईन, असं तो म्हणाला. मी अक्कांच्या नावाची शंभर लेबलं छापून आणली. रेशनकार्डाबाहेर आपलं नाव छापलेलं त्या पहिल्यांदाच बघत होत्या. पदराने पुसून त्यांनी एक लेबल देवापुढे ठेवलं. मला फार बरं वाटलं.

आता तुम्हाला ठाऊकच असेल, बिबडे कुणी एकटीने घालत नाही. आज हिच्या घराच्या धाब्यावर, उद्या तिच्या. मजुरी नाही, पण बिबड्यांसाठी शिजवलेलं गरम पीठ तेल घालून वाटीभर खायला द्यायचं. अक्कांची ऑर्डर म्हटल्यावर अख्खी गल्ली लोटली, येताना सासवा-नणंदाही घेऊन. बिबडे वाळले, तेव्हा पाकिटं भरली चाळीस.

"अक्का, तुमचा धंदा बायांनी खाल्ला!" मी तडकलो. तासाभरात दुकानदार येणार होता.

"मदतले येल बाईले कोरडी धाडू का?" त्या म्हणाल्या, पण नजर रिकाम्या पाकिटांवर होती. मग ओट्यावर उभ्या राहून त्यांनी गल्लीला हाक दिली, "जिनी जिनी खादं, तिनी तिनी घरना डबा आना!"

घरोघरचे डबे आले, शंभर पाकिटं भरली. कुणाचे बिबडे जाड, कुणाचे झणझणीत, कुणाचे लसणीचे. माझ्या शिकवणीची पार शोभा झाली.

"भाऊ, मन्हं नाव खोडा," अक्का म्हणाल्या. "जिना डबा, तिनं नाव."

साठ लेबलांवरचं त्यांचं नाव मी खोडलं. मला वाईट वाटत होतं. त्या मात्र बायांची नावं सांगण्यात गर्क होत्या.

दुकानदार आला. तो तोंड उघडणार, तोच हातावर तुकडा. मग दुसरीच्या डब्यातला, मग तिसरीच्या.

"प्रत्येकीची चव वेगळी आहे," तो म्हणाला. झालं, संपलं, असं मला वाटलं. "म्हणजे गिऱ्हाईक नाव घेऊन मागेल. नावं अशीच राहू द्या."

अक्का वारल्यानंतर परवा पहिल्यांदाच त्या दुकानात गेलो. फळीवर गल्लीतली सगळी नावं होती, आता चांगली छापलेली. अक्कांचं तेवढं नव्हतं. काहीतरी विचारणार होतो, तोच दुकानदाराने माझ्या हातावर तुकडा ठेवला.

"पहिले खाई देखा."

मी खाल्लं. बोलायचं राहूनच गेलं.