आजोबांनी पाजलेलं खारं पाणी

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर — बी.एस्सी., केमिस्ट्री. एका कंपनीच्या लॅबमध्ये पाणीच तपासतो. म्हणूनच हे लिहिताना अवघड जातंय...

आम्ही मूळचे तळवलीचे. दुसऱ्या महायुद्धात लष्कराचं ट्रेनिंगचं विमान खाडीकडच्या मिठागरात कोसळलं. आजोबा तिथेच कामाला होते. शिकाऊ वैमानिक अजून जिवंत होता. त्याने ओंजळ तोंडाशी नेऊन पाणी मागितलं. प्यायच्या पाण्याचं मडकं लांब, खोपटात. घाबरलेल्या आजोबांनी शेजारच्या वाफ्यातलंच पाणी ओंजळीत घेऊन पाजलं — मिठाचं! तो घोट तोंडात असतानाच तो गेला.

तेव्हापासून होळीनंतरच्या अमावास्येला, भर दुपारी, त्या जागी गोड्या पाण्याचा तांब्या ठेवायचा. आजोबांनंतर बाबांनी ठेवला. मिठागर गेलं, सोसायटीची भिंत आली... तरी भिंतीलगत ठेवलाच.

यंदा बाबांचं खुब्याचं हाड मोडलंय.

"बाला, तू जा. एक वरीस पन चुकला नाय."

"बाबा, ऐंशी वर्षं झाली. अजून तहान भागली नाय त्याची?"

"तुला शिकवला तो आमालाच शानपन सांगाला?"

घरच्या मडक्यातून तांब्या भरला आणि निघालो. भिंतीपाशी वॉचमन टक लावून बघत होता. मला लाज वाटली. म्हटलं, आपणच पिऊन टाकू आणि बाबांना सांगू, ठेवला म्हणून.

पहिला घोट घेतला आणि थुंकलो. खारट — जीभ भाजल्यासारखी!

वॉचमनलाही चाखायला दिलं. "साहेब, हे काय, नुसतं मीठच कालवलंय!"

पाणी वॉचमनच्या रिकाम्या बाटलीत ओतून घरी आलो. त्याच मडक्यातलं प्यायलो — गोड. बाबाही सकाळपासून तेच पीत होते.

"ठेवलास?"

खोटं बोलायचं ठरवलं होतं. जमलं नाही. "नाही. परत जातो."

बाबांनी पडल्या पडल्या तांब्या धोतराने पुसला आणि माझ्या हातात दिला.

त्याच मडक्यातून पुन्हा भरून नेला; या वेळी ठेवण्याआधी थेंबभर चाखलं. गोड होतं. वॉचमनसमोरच ठेवला आणि हात जोडले.

दुसऱ्या दिवशी बाटलीतलं पाणी लॅबमध्ये तपासलं. दोनदा. खाडीच्या पाण्याहून कितीतरी खारं, मिठागरातच असावं असं. रिपोर्टमध्ये 'नमुना कुठून घेतला' हा रकाना असतो. बराच वेळ पेन धरून बसलो... शेवटी लिहिलं — घरचा तांब्या.