पहिला ब्रेक माझा

कय्यूमभाईंचा फोन आला तेव्हा मी आधीच तापलेलो होतो. मल्हारगंजात त्यांचं लेथचं दुकान आहे आणि मला त्यांनी आजवर कधी फोन केलेला नव्हता. "मास्टर साब, दिनकर नहीं रहे. यहीं मेरे पास, स्टूल पे बैठे-बैठे..." एवढं बोलून ते थांबले. आणि मी काय म्हणालो असेन? चाळीस वर्षांचा दोस्त गेल्याची बातमी कानात पडली आणि माझ्या तोंडातून निघालं, "असं कसं? माझी गाडी तर अजून त्याच्या गॅरेजात स्टँडवर आहे!" जन्मभर गणित शिकवलेला माणूस मी, आणि हे माझं उत्तर. ते वाक्य आठवलं की आजही कान गरम होतात.

खरी लाज तर पुढेच आहे. त्याच सकाळी, फोन येण्याच्या दोनेक तास आधी, मी दिनकरला मेसेज पाठवला होता... 'तुझ्यानं होत नसेल तर साफ सांग. गाडी दुसरीकडे नेतो.' बातमी ऐकल्यावर हातातल्याच फोनवर पाहिलं, तर मेसेजखाली निळ्या खुणा. म्हणजे कुणीतरी वाचला होता. त्यानं वाचला? वाचून मग गेला? की तो गेल्यावर वहिनींनी फोन उघडून पाहिला? दोन्हींतलं कुठलं जास्त वाईट, हे मला आज तीन आठवडे झाले तरी ठरवता आलेलं नाही. अंत्यविधीला मी सगळ्यांच्या मागे उभा राहिलो आणि वहिनींसमोर न जाता घरी परतलो. तेराव्यालाही ताप आल्याचं सांगून टाळलं. ताप-बिप काही नव्हता.

दिनकर शिर्के. परदेशीपुऱ्यात बंद मिलच्या मागे त्याचं गॅरेज. पणजोबा होळकरांच्या फौजेत घोड्यांची निगा राखायचे असं त्याच्या घरी सांगत, आणि हा म्हणायचा, "आमचं काम तेच आहे भिया, फक्त घोडे पेट्रोल प्यायला लागले." मी बडा गणपतीजवळ राहतो. आमची ओळख झाली तेव्हा मी नुकताच शाळेत लागलेलो आणि तो दुसऱ्याच्या गॅरेजात पाने उचलत होता. कय्यूमभाईही तेव्हा तिथेच. माझ्याकडे कुणाकडून तरी घेतलेली एक खटारा गाडी होती. तिचे ब्रेक दिनकरनं बदलले, अंगणात पुढे-मागे करून पाहिली आणि चावी मला दिली. मी मल्हारगंजच्या उतारावर वळण घेतलं, पाय दाबला आणि पाय थेट खाली गेला. समोर उसाच्या रसाची गाडी. रसवाला नशिबानं चहाला गेला होता. चरक आडवा, माझं कपाळ फुटलेलं, आणि लोक जमलेले. दिनकर धावत आला. स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर चाकाकडे जाणारी ब्रेकची नळी ताणली जाऊन फाटली होती. अंगणात सरळ चालवल्यावर ते कळणार कसं? तो तिथेच रस्त्यात फतकल मारून बसला आणि रडला. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, भर बाजारात.

त्या दिवसापासून त्यानं एक नेम धरला. ब्रेकचं काम झालं की गिऱ्हाईक कितीही घाईत असो, कितीही मोठं असो, पहिला ब्रेक दिनकरचा. आधी गाडी जॅकवर असतानाच स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून नळी बघायची. मग मिलमागच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी स्वतः न्यायची आणि नऊ वेळा कचकन थांबवायची. थांबवताना स्टेअरिंगवरचे हात जरासे सोडायचे, गाडी डावी-उजवीकडे ओढते का बघायला. दहावा ब्रेक गिऱ्हाइकाचा, आणि तेव्हा हा शेजारच्या सीटवर. एकदा एका साहेबानं विचारलं, माझ्या गाडीत तुम्ही कशाला बसता? तर हा म्हणाला, "नाही थांबली तर तुमच्यासोबत मीपण जाईन ना साहेब, म्हणून."

आणि अशा माणसाला मी तो मेसेज पाठवला.

झालं होतं असं की माझी मुलगी महूच्या शाळेत नोकरीला लागली. रोजचं जाणं-येणं, म्हणून माझी जुनी गाडी तिला द्यायची ठरलं. पुढचं डावं चाक पूर्वी एका खड्ड्यात आदळलेलं, त्यामुळे चाक ज्या लोखंडी सांध्यावर बसतं तो वाकलेला. मेकॅनिक लोक त्याला नकल म्हणतात. ब्रेकही थकलेले. कंपनीचे ब्रेक आता मिळत नाहीत, म्हणून बाहेरच्या बनावटीचे घ्यायचे ठरले. दिनकर म्हणाला होता, "थांब मास्तर, नकल मी बघून आणतो." पण मला कुठला दम! मी फोनवरच मागवला. गाडीचं नाव बरोबर, फोटो बरोबर, मी खूष. गणिताचा मास्तर, आणि माप तपासलं नाही. गाडीचं नाव तेच ठेवून कंपनीनं मधल्या वर्षांत तो सांधा बदलला होता, आणि मी मागवलेला नेमका बदललेला निघाला. उजवीकडे जुना सांधा, तिथे नवीन ब्रेक पटकन बसला. डावीकडे भोकं जुळेनात. जुळवून धरलं तर ब्रेकचं पॅड डिस्कच्या कडेबाहेर लोंबत होतं.

मी रोज जाऊन डोकं खायचो. मुलीला सोमवारपासून गाडी देतो म्हणून सांगून बसलो होतो. शेवटच्या दिवशी मी म्हणालो, "अरे यार, दोन मिलीमीटरचा तर फरक आहे. भोक घासून मोठं कर आणि बसव ना." तो चाकाशी उकिडवा बसला होता. मान वर न करता म्हणाला, "मास्तर, घासायचं असेल तर घरी जाऊन भांडी घास. ब्रेक घासून नाही बसवत." मी रागानं तरातरा निघून आलो. मागून तो काहीतरी ओरडला, बहुतेक चहा पिऊन जा असं. मी वळून पाहिलं नाही. ही आमची शेवटची भेट.

परवा शेवटी कय्यूमभाईच घरी आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लोखंडी प्लेट, चार भोकांची, तळहाताएवढी. सोबत पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर दिनकरच्या हातची पेन्सिलची आकृती, खोडून खोडून मापं लिहिलेली. माझ्या नव्या सांध्याला तो बाहेरचा ब्रेक नीट बसावा म्हणून मधे घालायची ही प्लेट. तीन वेळा त्यानं ती बनवून घेतली होती आणि दोनदा पसंत न पडून टाकून दिली होती. मी रोज जाऊन बोंबलत होतो तेव्हा हा उन्हातान्हात परदेशीपुरा ते मल्हारगंज खेटे घालत होता, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी म्हणालो असतो, कशाला एवढं? तिसऱ्या प्लेटचं शेवटचं भोक पडत असतानाच तो स्टुलावर कलंडला. कय्यूमभाई म्हणाले, "मशीन बंद की, तब तक..." मी प्लेट पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळली.

आम्ही दोघं गॅरेजवर गेलो. वहिनींनी शटर उघडलं. गाडी तशीच, डावं चाक काढलेली. मला वाटलं आता ही बाई मला हाकलून देईल, आणि दिलं असतं तरी मी काय म्हणणार होतो? मीच हात जोडले आणि म्हणालो, "वहिनी, तो मेसेज..."

"वाचला ना त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "जेवायच्या आधीच. मला वाचून दाखवला आणि हसले. म्हणाले, मास्तर चिडलाय, चिडू दे. आज बसवतोच. आणि चप्पल घालून निघाले."

मी गॅरेजच्या पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडलो. साठी उलटलेला माणूस, भर दुपारी. तो माझ्यावर रागावून गेला नाही, हे ऐकून जीव हलका व्हायला हवा होता, पण झाला नाही. माझंच काम करायला तो उपाशी निघाला, हे आता आणखी कळलं होतं.

कय्यूमभाईंनी पुठ्ठा समोर ठेवून प्लेट बसवली. चारी बोल्ट असे गेले की जणू गाडी तशीच जन्माला आली होती. पॅड डिस्कवर पूर्ण टेकलं. नळीसाठी स्टेअरिंग दोन्ही टोकांना वळवून पाहिलं, एकदा नाही, चारदा. गाडी खाली उतरवली आणि कय्यूमभाईंनी चावी पुढे केली. माझा हात उठेना. कय्यूमभाईंनीही मान खाली घातली. तेव्हा वहिनींनी चावी घेतली. त्यांना गाडी दिनकरनंच शिकवली, याच मिलमागच्या रस्त्यावर, एवढं मला माहीत होतं. पदर खोचून त्या बसल्या आणि म्हणाल्या, "पहिला ब्रेक आमच्या घरचा. बसा मास्तर."

मी शेजारी बसलो. वहिनींनी वेग घेतला, कचकन पाय दाबला आणि हात सोडले, अगदी त्याच्यासारखे. गाडी नाकासमोर थांबली. त्या मोठ्यानं मोजत होत्या... एक, दोन, तीन. सहानंतर आवाज फुटला, पण मोजणं थांबलं नाही. नऊ झाल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली, उतरल्या, फिरून माझ्या दाराशी आल्या. "दहावा तुमचा."

मी स्टेअरिंगवर बसलो, वहिनी शेजारी, त्याच्या जागेवर. मोकळा रस्ता, डावीकडे मिलची लांब भिंत. वेग घेतला, पाय दाबला, हात सोडले. गाडी जराही न ओढता थांबली. आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं मी शेजारच्या सीटकडे वळून म्हणालो, "थांबली रे, दिन्या."

वहिनींनी मान डोलावली.