दिल्या घरच्या आत्या

मंगळवारी सकाळी शिवानंदने महानंदाला मारलं. ती त्याची अक्का. मी दारात होते.

शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या भांड्यांच्या दुकानामागच्या खोलीत ती एवढंच म्हणाली होती, "शिवा, एकदा रक्त तपासून घे. माझ्या जनुकात सापडला तो बदल तुझ्यात नसेल तर गौरी सुटली." गौरी त्याची मुलगी. तिची सोयरीक ठरत आली होती. त्याने अक्काच्या कानशिलात मारली, तिच्या डोक्यावरचा रुमाल ओढून फेकला आणि केमोने केस गेलेलं ते डोकं भिंतीवर आदळलं. "बायकांचा रोग त्यो. मी काय बाई हाय व्हय? पोरीचं लगीन मोडायला निघालीस." ती भिंतीला टेकून खाली बसली. ओठ फाटला होता. "झालं मारून? आता ऐक," ती म्हणाली. तो निघून गेला.

महानंदा आणि मी एकाच शाळेत शिकवत होतो. मी मराठी, ती विज्ञान. आनुवंशिकतेचा धडा आला की ती मुलांना एकमेकांच्या कानाच्या पाळ्या बघायला लावायची, वर्गात दंगा उसळायचा. पण तिच्या स्तनात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी "घरात कुणाला होता?" असं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "कुणालाच नाही." ते खोटं नव्हतं. त्या घरात लग्न करून दिलेली मुलगी सासरची होते. तिचं मरणही सासरचंच धरतात. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "वडिलांच्या बहिणी?" "दोघी होत्या. त्या दिल्या घरी..." एवढं बोलून ती थांबली. अर्धं रक्त बापाकडून येतं, हे ती दरवर्षी फळ्यावर लिहीत होती.

आत्या कशाने गेल्या ते विचारायला मी तिच्यासोबत वैरागला गेले. थोरल्या आत्याची म्हातारी जाऊ ओट्यावर लसूण सोलत होती. "मेल्यावर माहेर आलं व्हय? बसा की." मग तिने सांगितलं. छातीला फोड झाला, तो फुटला, वास सुटला, म्हणून तिला गोठ्यात ठेवली. रात्री ओरडायची, तेव्हा नवरा काठी घेऊन जायचा. गप व्हायची. "आमच्याकडं कळवलं नाही?" महानंदाने विचारलं. "कशाला? आमच्यात मेली, ती आमचीच की." करमाळ्याच्या धाकट्या आत्याची हकीकत फार वेगळी नव्हती... तिच्या छातीवर डाग दिले होते, तापल्या उलथन्याने.

महानंदाच्या तपासणीत हा कर्करोग पिढ्यांतून उतरवणारा जनुकातला तो बदल सापडला. डॉक्टरांनी समजावलं, तो भावातही असू शकतो आणि त्याच्याकडून मुलीत उतरू शकतो. तेच सांगायला ती त्या मंगळवारी दुकानामागे गेली होती. पुढे शिवानंद तिच्याशी बोलला नाही. रोग हाडांत गेला. शेवटी कूस बदलताना तिची बरगडी मोडली, तो आवाज मी ऐकला आहे.

तिला माती देऊन आल्यावर शिवानंद दुकानात एकटाच उभा होता. गौरी त्याच्यासमोर गेली. "आप्पा, तुम्ही तपासणार का नाही?" त्याने हात उगारला. ती हलली नाही. तो हात त्याने काचेच्या कपाटावर मारला, पुन्हा मारला, तांबे-पेले खाली कोसळले, मनगटातून रक्ताची धार लागली. गौरीने ओढणीने तो हात घट्ट आवळला. "एवढं सांडताय, त्यातलं चमचाभर बाटलीत द्या की." तो फरशीवर बसला आणि अक्का, अक्का म्हणत डोकं आपटू लागला. तिने त्याला थांबवलं नाही.

टाके निघायच्या आत त्याने रक्त दिलं. बदल त्याच्यात निघाला. मग गौरीने दिलं. तिच्यातही निघाला. सोयरीक तिने हे स्वतः सांगून मोडली आणि हे लिहायलाही तिनेच मला सांगितलं. महानंदाच्या खोलीत आता ती झोपते. परवा तिच्या छातीची पहिली तपासणी झाली. शिवानंद बाहेर बाकावर बसून होता.

गौरीला गाठ नाही.